आक्काचा गुडघा आणि फाउंड्रीवाल्याची नजर

नमस्कार मंडळी. कोण चहा घेत ऐकतंय, कोण शेतातनं येऊन पाय पसरून बसलंय, बसा निवांत. मी काय डॉक्टर नव्हे, माझी उभी हयात बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात गेली. पण आमच्या खानापूरच्या आक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर नमुन्याचा गुडघा ठेवला आणि मी बाकीचं विचारायचं सोडून तोच हातात घेऊन उलटासुलटा करत बसलो. आक्का म्हणाली, अरे ठेव की खाली, तुझ्या कारखान्यातला माल न्हवं तो.

पण खरं सांगू काय, माल आमच्याच जातीचा. मांडीच्या हाडाला टोपीसारखा बसतो तो वरचा पार्ट कोबाल्ट-क्रोम नावाच्या मिश्रधातूचा, आणि तो बरेचदा मेणाच्या साच्यातनं ओततात. आधी मेणाचा हुबेहूब पार्ट करायचा, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बाहेरनं असं पॉलिश की तोंड दिसतंय, हाडाकडची बाजू मात्र खरखरीत, सिमेंट तिथं धरायला पाहिजे ना. खाली नडगीवर टायटॅनियम नाहीतर कोबाल्ट-क्रोमची प्लेट, आणि दोघांच्या मध्ये पॉलिथिलीन प्लास्टिकची पांढरी चकती. आपण मशीनला बुश घालतो, तसंच की. झिजायचं ते चकतीनं. पण तिचे बारीक कण हाडापाशी साठले की शरीर त्यांच्यावर तुटून पडतंय, त्या भांडणात शेजारचं हाडच विरघळतंय आणि पार्ट हलायला लागतो. म्हणून आता ते प्लास्टिक रेडिएशन देऊन कमी झिजेल असं करतात, काहींत व्हिटॅमिन ई पण घालतात.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, असं आधी सगळ्यांना वाटायचं. बर्लिनच्या ग्लुक नावाच्या सर्जननं 1890 साली हस्तिदंताची बिजागरीच बसवली होती, ती काय टिकली नाही. पुढं धातूच्या बिजागऱ्या आल्या, त्याही हाडातनं सुटायच्या, कारण आपला गुडघा नुसता वाकत नाही, वाकताना मांडीचं हाड मागं सरकतंय आणि थोडं वळतंय पण. बिजागरीत वळायला जागाच नाही, मग तो सगळा पीळ हाडावर. 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, वॉकर आणि आपले इंदूरला शिकलेले रानावत, यांनी बिजागरी सोडून नुसते गोल पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, आजचे बहुतेक गुडघे त्याच घरातले. काही डिझाइनमध्ये चकतीच्या मध्ये प्लास्टिकची खुंटी असते, मागचा लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, काढला तर तीच हाडाला मागं ढकलायचं काम करते.

आक्काला ह्यातलं काही नको होतं. तिचा एकच प्रश्न, मला पाटावर बसता येईल काय? भांगलण उकिडवं बसून, भाकरी खाली बसून, आयुष्य सगळं जमिनीवर गेलेलं. खुर्चीतनं उठायला गुडघा नव्वद अंशाच्या थोडं वर वाकला तरी भागतंय, उकिडवं बसायला मात्र दीडशेच्या आसपास लागतंय. त्यासाठी हाय-फ्लेक्स नावाचे गुडघे निघाले, मागची गोलाई थोडी जास्त लांबवलेली. 2017च्या ऑगस्टमध्ये सरकारनं इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमला 54,720 रुपये आणि हाय-फ्लेक्सला 56,490 रुपये धरलं होतं, म्हणजे फरक दोन हजाराचाही नाही. मी लगेच म्हटलं, डॉक्टर, तोच घाला की.

डॉक्टर हसले. म्हणाले, नावात फ्लेक्स असलं म्हणून पाय वाकत नाही, ऑपरेशनआधी किती वाकतोय त्यावर बरंच ठरतंय. आणि त्यांनी आक्काचा पाय धरून हळूच वाकवला, नव्वदलाच ती कळवळली.

आक्का आता भजनाला खुर्ची घेऊन बसते, टाळ मात्र जोरात वाजवते. आणि तो नमुना डॉक्टरांनी शेवटी माझ्या हातातनं काढूनच घेतला, तोवर मी त्याची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, शोधत होतो, सापडली नाही.