व्हाया कणकवली

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय खोट्या खोट्या खेळांबद्दल. भातुकली, दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर. दीड-दोन वर्षांचं मूल रिकामी वाटी तोंडाला लावून चहा पितं आणि वर तुम्हालाही पाजतं ना, तिथून हे सुरू होतं. तेव्हा फुंकर मारून तो चहा प्यायचा. वाटीत काही नाही, हे त्यालाही तुमच्याइतकंच ठाऊक असतं.

काठीचा घोडा, चपलेचा फोन. एका वस्तूच्या जागी दुसरी धरायची. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी काठीच्या घोड्याचंच उदाहरण दिलंय. पुढे पाटीवरची ती वाकडी रेघ म्हणजे 'क', हे मानायला हीच सवय कामी येते. म्हणून सांगते, खेळात टोकू नका. मूल खेळत असेल तर टोकू नका.

मी स्वतः लालबागला तीस वर्षं बालवाडी चालवली. हे सगळं मला तोंडपाठ. तरी काय झालं, ऐका.

मे महिना. माझी चार वर्षांची नात राहायला आलेली. दुपारी चाळीच्या गॅलरीत तिने सहा पाट ओळीने मांडले. (पाट आता असतात कुणाकडे म्हणा! डायनिंग टेबल आलं आणि पाट माळ्यावर गेले.) पाटांची झाली लोकल. नात मोटरमन, हातात कुकरचं झाकण. शेजारचा मुलगा गार्ड. त्याने शेवटच्या पाटावर उभं राहून वाटीवर चमचा दोनदा आपटला, ठण ठण, की गाडी सुटणार. हा मुलगा जेवताना पाच मिनिटं एका जागी बसत नाही हो! त्याची आई ताट घेऊन जिन्यापर्यंत मागे धावते. पण गार्डने डबा सोडायचा नसतो, म्हणून पठ्ठ्या अर्धा तास त्या पाटावरून हलला नाही.

मी दारात तांदूळ निवडत बसले होते. गाडी निघाली. "मशीद... भायखळा... करी रोड... पुढील स्टेशन कणकवली!"

आणि मी बोलले. "अगं, करी रोडनंतर परळ येतं. कणकवली कोकणात."

नातीने झाकण खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "मग तूच चालव," म्हणाली आणि आत जाऊन टीव्ही लावला. गार्ड बिचारा वाटी-चमचा घेऊन तसाच उभा.

तीस वर्षं मी आयांना सांगत आले, टोकू नका. आणि घरची गाडी मीच बंद पाडली.

दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा मांडले गेले. या वेळी मी पिशवी घेऊन गेले आणि विचारलं, "ताई, ही गाडी भायखळ्याला थांबेल का?"

"नाही. फास्ट आहे."

आता फास्ट गाड्या भायखळ्याला थांबतात, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. मी जीभ चावली आणि गुपचूप तिसऱ्या पाटावर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती निराळी. मग गार्डच टीसी झाला. माझ्याकडे तिकीट नव्हतं. पिशवीत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप सापडली, ती दाखवली. त्याने उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "हा सेकंड क्लासचा पास आहे. उठा." तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी बोंबलाची पिशवी घेऊन आल्या, त्यांना लगेजच्या डब्यात पाठवलं. त्याही गेल्या!

यात विकत आणलेलं काय होतं? काहीच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शिंपले, खडे, पानं, बिया यांवरच मुलांना रमवत. बटण दाबलं की स्वतःच नाचणारं खेळणं मला आवडत नाही. खेळतं ते, आणि मूल नुसतं बघत बसतं. फॅन्सी ड्रेस स्पर्धेबद्दल तर मी बोलतच नाही. ती आयांची स्पर्धा असते, मूल उकाड्यात भाजी होऊन उभं!

तेव्हा दोन-चार भांडी खालच्या फळीवर ठेवा, जुनी ओढणी द्या, एखादं खोकं फेकू नका. आणि बोलावलं तरच खेळात जा, दिलेल्या जागी बसा. मोबाइल काढून शूटिंग करू नका, कॅमेरा दिसला की मूल खेळ सोडून पोज देतं. आणि पुन्हा तेच, टोकू नका.

हां, गाडीचं राहिलं. करी रोड गेलं, कणकवली आली. "आज्जी, उतर, तुझं गाव." मी उतरले. मागून ठण ठण झालं आणि मोटरमनबाई ओरडल्या, "पुढील स्टेशन दादर!"

नमस्कार.