तळाचा संघ आणि शेवटची दहा सेकंदं

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या नकाशात अगदी वर, स्कॉटलंडच्या सीमेला टेकलेलं कार्लाइल नावाचं शहर आहे. तिथल्या फुटबॉल क्लबची एक गोष्ट मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. आज ती तुम्हाला सांगणार आहे. त्याआधी थोडा नियम समजून घेऊ, म्हणजे गोष्टीत जीव कुठे अडकलाय ते कळेल.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लबांच्या चार मोठ्या श्रेणी आहेत. एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. चारही मिळून ९२ क्लब. हंगाम संपला की वरच्या पायरीवरचे तळाचे संघ एक पायरी खाली येतात आणि खालच्या पायरीवरचे पहिले संघ वर जातात. खाली येणं म्हणजे रेलिगेशन, वर जाणं म्हणजे प्रमोशन. आपण साधं घसरण आणि बढती म्हणू. आपल्या शाळेत नापास झालेला मुलगा त्याच वर्गात बसायचा. इथे तो थेट खालच्या वर्गात जातो, आणि त्याची जागा खालच्या वर्गातला पहिला मुलगा घेतो.

हा नियम वरच्या दोन श्रेणींत १८९८ पासून आहे. त्याआधी वरचे तळाचे आणि खालचे अव्वल यांच्यात चाचणी सामने होत. त्या वर्षी स्टोक आणि बर्नली या दोघांनाही बरोबरी पुरेशी होती. मग काय व्हायचं ते झालं, सामना शून्य-शून्य सुटला. त्यानंतर चाचणी सामने बंद झाले आणि बढती थेट गुणतक्त्यावर ठरू लागली. तक्ता तोंड बघत नाही, म्हणून मला तक्ता आवडतो.

पण अगदी तळाशी, चौथ्या श्रेणीच्या खाली, हा न्याय पोचायला फार वेळ लागला. तिथे मतदान चालायचं. तळाच्या चार क्लबांनी दरवर्षी हात जोडून अर्ज करायचा, की आम्हाला राहू द्या. आणि बाकीच्या क्लबांनी मत द्यायचं. आता जुन्या ओळखीच्या माणसाला घराबाहेर कोण काढणार? बाहेरचा संघ कितीही चांगला खेळला तरी दाराबाहेरच उभा. हे १९८७ मध्ये बदललं. तळाचा एक संघ खाली, पाचव्या श्रेणीतला पहिला संघ वर, मतदान नाही. त्या वर्षी या नव्या दारातून स्वतःच्या खेळावर आत आलेला पहिला क्लब होता स्कारबरो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं, सुट्टीत लोक समुद्रावर जातात तसलं गाव. हे नाव लक्षात ठेवा. स्कारबरो.

आता गोष्ट.

तारीख ८ मे १९९९, वार शनिवार, हंगामाचा शेवटचा दिवस. चौथ्या श्रेणीत तळाला कार्लाइल युनायटेड. हा क्लब १९२८ पासून, म्हणजे ७१ वर्षं, लीगमध्ये, म्हणजे या पायऱ्यांवर, होता. १९७४ मध्ये तर तो देशाच्या सर्वोच्च श्रेणीत पोचला होता आणि पहिल्या तीन सामन्यांनंतर तक्त्यात सगळ्यांच्या वर होता. लिव्हरपूल खाली, कार्लाइल वर. तीनच सामने टिकलं ते, पण कार्लाइलचे म्हातारे अजून तो तक्ता विसरलेले नाहीत. आणि आता तोच क्लब ९२ मधला ब्याण्णवावा. त्याच्या जेमतेम वर कोण? स्कारबरो. बारा वर्षांपूर्वी नव्या दारातून आलेला तोच स्कारबरो. खाली एकच जाणार होता. कार्लाइल वाचायचं तर सामना जिंकायलाच हवा, आणि तिकडे स्कारबरो जिंकता कामा नये.

कार्लाइलची अवस्था काय होती, ऐका. त्यांच्याकडे गोलरक्षकच उरला नव्हता. नेहमीचा गोलरक्षक क्लबने हंगाम संपायच्या आधी विकून टाकला होता. दुसऱ्या क्लबाकडून उसना आणलेला गोलरक्षक त्या क्लबाने परत बोलावला. खेळाडू घेण्याची मुदत उलटून गेलेली. शेवटी लीगकडून खास परवानगी काढून स्विंडन टाउन क्लबातून एक पंचवीस वर्षांचा गोलरक्षक तीन सामन्यांपुरता उसना आणला. नाव जिमी ग्लास. स्विंडनमध्येही त्याला फारसं खेळवत नव्हते.

इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे गल्लीत, शाळेच्या मैदानावर, ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करतात. ही सवय मला मुळीच आवडत नाही. सगळा खेळ समोरून दिसतो तो एकट्या गोलरक्षकाला. ज्या मुलाची नजर सगळ्यात चांगली त्याला तिथे उभं करा. शिक्षक ऐकत असतील तर त्यांनी एवढं मनावर घ्यावं. असो.

समोरचा संघ प्लिमथ. इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाचा, नैऋत्य कोपऱ्यातला. सहाशे किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेला. हेही लक्षात ठेवा, पैशाचा विषय निघेल तेव्हा लागणार आहे. मैदानाचं नाव ब्रंटन पार्क. मध्यंतराला शून्य-शून्य. मध्यंतर झाल्या झाल्या प्लिमथने गोल मारला. आता कार्लाइलला दोन हवेत. थोड्या वेळाने कार्लाइलच्या डेव्हिड ब्राइटवेलने लांबून फटका मारला, एक-एक. मग मिनिटामागून मिनिट जात राहिलं आणि काहीच होईना.

तिकडे दूर, दुसऱ्या किनाऱ्यावर स्कारबरोचा सामना एक-एक बरोबरीत संपला. त्यांचे लोक मैदानात उतरले. कार्लाइलही बरोबरीत आहे हे त्यांना ठाऊक होतं. बरोबरी म्हणजे स्कारबरो वाचलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि कान रेडिओला लावलेले होते. आता निकाल मोबाईलवर अंगठ्याने सरकवून दिसतो, सोय मोठीच आहे. पण पाच हजार माणसं एकदम गप्प होऊन एका ट्रान्झिस्टरकडे कान देतात, तो क्षण रेडिओचाच. मी रेडिओचा माणूस आहे आणि हे मी मनापासून बोलतो आहे.

ब्रंटन पार्कवर नव्वद मिनिटं संपली. पंचांनी चार मिनिटं वाढवून दिली. तीही सरत आली. उरली फक्त दहा सेकंदं. कार्लाइलला कॉर्नर मिळाला. गोलरक्षक जिमी ग्लासने आपल्या प्रशिक्षकाकडे, नायजेल पिअर्सनकडे पाहिलं, आणि पिअर्सनने हात हलवला, जा पुढे. स्वतःचा गोल मोकळा टाकून तो धावत निघाला. सगळं मैदान ओलांडून. ग्रॅहम अँथनीने कॉर्नर मारला. स्कॉट डोबीने डोक्याने चेंडू गोलकडे वळवला. प्लिमथच्या गोलरक्षकाने तो अडवला. चेंडू उडाला, खाली आला, आणि आला तो थेट जिमी ग्लासच्या पायाशी. त्याने उजव्या पायाने मारला. गोल.

पुन्हा सांगतो. उसना आणलेला गोलरक्षक, क्लबासाठी तिसरा आणि शेवटचा सामना, शेवटची काही सेकंदं, आणि गोल. दोन-एक. माणसं कुंपणावरून मैदानात कोसळली. खेळ पुन्हा सुरू झाला न झाला तोच शिट्टी वाजली. कार्लाइलचे गुण ४९, स्कारबरोचे ४८. एका गुणाने एक गाव वाचलं आणि एक गाव खाली गेलं. स्कारबरोच्या मैदानावर नाचणारी माणसं उभी होती तिथेच थांबली.

जिमी ग्लास कार्लाइलसाठी पुन्हा कधी खेळला नाही. दोनेक वर्षांत त्याचा व्यावसायिक फुटबॉलच थांबला. पुढे त्याने काही काळ टॅक्सी चालवली. या गोष्टीतला हा तुकडा सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा बसतो.

आता पैशाकडे येऊ.

श्रोतेहो, घसरण मुळात वाईट नाही. खालच्या पायरीवर बसून पुन्हा चढता येतं, म्हणून तर एप्रिल-मे महिन्यात तळाचे सामनेही लोक श्वास रोखून बघतात. पायरी किती उंच, एवढाच प्रश्न आहे. एक पायरी उतरलात तर पाय मुरगळेल. गच्चीवरून पडलात तर माणूस उरत नाही. आणि पायरीची उंची पैसा ठरवतो.

पूर्वी इंग्लंडमध्ये एक छान रीत होती. पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेली. तिकिटाच्या गल्ल्यातले २० टक्के पाहुण्या संघाला द्यायचे. प्लिमथ एवढा प्रवास करून येतो म्हणून तर कार्लाइलला तिकिटं विकता येतात. समोर कोणी आलंच नाही तर सामना कसला? सामना दोघांचा, मग गल्ला एकट्याचा कसा? ही रीत १९८३ मध्ये मोडली. ज्यांची मैदानं मोठी त्यांना ती नको होती. टीव्हीचा पैसा आला तेव्हा तोही आधी सगळ्या ९२ क्लबांत सारखा वाटला जायचा. १९८६ मध्ये अर्धा वाटा वरच्या श्रेणीने घेतला. आणि १९९२ मध्ये वरची श्रेणी लीगमधूनच वेगळी निघाली, प्रीमियर लीग झाली, आणि टीव्हीचा करार स्वतःचा स्वतः करू लागली. आपल्याकडे म्हणतात ना, वाढणारा आपला असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. इथे पहिल्या पानावर बसलेल्यांनी वाढप्यालाच आपल्या घरी नेलं.

प्रीमियर लीगच्या आत मात्र वाटणी बरीच समजूतदार आहे, हेही सांगायला हवं. देशातल्या टीव्हीच्या पैशातला निम्मा भाग वीसही क्लबांना सारखा, पाव भाग क्रमांकाप्रमाणे, पाव भाग टीव्हीवर किती सामने दाखवले त्याप्रमाणे. त्यामुळे विसाव्या क्लबालाही वर्षाला १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. पण तो खाली गेला की? उत्पन्न एकदम कोसळतं आणि खेळाडूंचे पगार तेवढेच राहतात. म्हणून त्याला पॅराशूट देतात. नावच ते आहे. टीव्हीच्या समान वाट्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. पडणाऱ्यासाठी हे ठीक. पण त्याच श्रेणीत वर्षानुवर्षं इमानाने खेळणाऱ्या, पॅराशूट नसलेल्या क्लबाने त्याच्याशी बरोबरी कशी करायची? आणि वर चढलेल्याचं तरी काय होतं? २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी खाली. २०२४-२५ मध्ये पुन्हा तिन्ही खाली. दोन वर्षांत सहा चढले, सहा पडले. त्यातला ल्युटन टाउन तर लागोपाठ दोनदा घसरला.

जुलै २०२५ मध्ये तिथे कायदा झाला. फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला, आणि वरच्या-खालच्या लीगमध्ये वाटणीवर एकमत होत नसेल तर त्यात हात घालायचा अधिकार त्याला मिळाला. मला विचाराल तर त्याने पहिल्यांदा ते जुने २० टक्के परत आणावेत.

गोव्यातल्या श्रोत्यांना हे परकं वाटणार नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा हे क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. वरची लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग, बंद दाराची होणार आणि जिंकूनही वर जाता येणार नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. आय-लीग जिंकून वरच्या लीगमध्ये जाणारा पहिला क्लब २०२३ मध्ये निघाला, पंजाबचा. खाली मात्र २०२५ पर्यंत कोणी आलं नव्हतं. धेंपो परतला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. म्हापशाच्या, मडगावच्या मुलांची ती वर्षं होती.

आणि स्कारबरो? मी म्हटलं होतं, नाव लक्षात ठेवा. एका गुणाने खाली गेलेला तो क्लब पुन्हा वर आलाच नाही. कर्ज वाढत गेलं. मैदान विकून तिथे घरं बांधायची आणि देणी फेडायची असा विचार झाला, पण ती जागा खेळासाठीच वापरायची अशी जुनी अट कागदावर होती. जून २००७ मध्ये क्लब बुडाला. कर्ज सुमारे २५ लाख पौंड. वरच्या श्रेणीतल्या तळाच्या क्लबाला एका वर्षात जे मिळतं त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. १८७९ साली सुरू झालेला क्लब. आज त्या मैदानाच्या जागी सुपरमार्केट आहे.

त्याच उन्हाळ्यात गावच्या लोकांनी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला, स्कारबरो अ‍ॅथलेटिक. गावात मैदान उरलं नव्हतं, म्हणून घरचे सामने शेजारच्या ब्रिडलिंग्टन गावात. तीस-एक किलोमीटरवर. माणसं स्वतःच्या घरच्या सामन्याला परगावी जात राहिली, एक-दोन वर्षं नाही, दहा वर्षं. २०१७ च्या जुलैमध्ये ते आपल्या गावात परत खेळले.

नमस्कार.