यादीतले नाव आणि बंदुकीचा परवाना

२२ जून २०१६. वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ७६ वर्षांचे जॉन लुईस सभापतींच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत थेट गालिच्यावर बसले, आणि त्यांच्या मागोमाग डेमोक्रॅटिक पक्षाचे इतर सदस्यही खाली बसले. कामकाज तहकूब झाल्यामुळे सभागृहातील अधिकृत कॅमेरे बंद होते; आपण पाहत असलेली ही हलती, धूसर दृश्ये सदस्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून प्रसारित केली होती. सुमारे पंचवीस तास चाललेल्या या ठिय्या आंदोलनाची घोषणा होती ‘नो फ्लाय, नो बाय’. दहशतवादाच्या संशयावरून सरकार ज्याला विमानात चढू देत नाही, त्याला बंदूकही विकत घेऊ देऊ नये, ही त्यामागची मागणी.

त्याआधी दहाच दिवसांपूर्वी फ्लोरिडातील ऑरलँडो शहरात एका नाइटक्लबमध्ये एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांचा जीव घेतला होता. त्याची एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने पूर्वी चौकशी केली होती आणि २०१३ ते २०१४ दरम्यान काही महिने त्याचे नाव दहशतवादविषयक निगराणी यादीतही होते. संशयितांची ही मोठी सरकारी यादी; विमानात चढू न देण्याची यादी हा तिचाच एक छोटा भाग. चौकशीतून काही निष्पन्न न झाल्याने ते नाव काढले गेले, आणि २०१६ मध्ये त्याने दुकानात जाऊन रीतसर बंदुका विकत घेतल्या.

आपल्याकडे शस्त्र परवाना म्हटले की जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचे कार्यालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सामान्य बंदूक घेण्यासाठी असा परवाना लागत नाही. ग्राहक दुकानात एक अर्ज भरतो, दुकानदार त्याची माहिती पडताळणी यंत्रणेकडे पाठवतो, आणि ग्राहक गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला नाही, घरगुती हिंसाचारात त्याला शिक्षा झालेली नाही, अशा ठरावीक गोष्टी तपासल्या जातात. फेब्रुवारी २००४ पासून हे नाव निगराणी यादीशीही ताडून पाहिले जाते. मात्र नाव जुळले एवढ्यावरून विक्री रोखता येत नाही. एफबीआयला सूचना मिळते आणि दुसरे कायदेशीर कारण सापडते का, याचा शोध घेतला जातो. २००४ ते २०१५ या काळात यादीशी जुळलेल्या २,४७७ व्यवहारांपैकी २,२६५ व्यवहारांना परवानगी मिळाली, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने नोंदवले आहे.

हा आकडा ऐकून कोणालाही धक्का बसेल. पण यादी कशी तयार होते हे समजून घेतल्याशिवाय तो पुरता कळत नाही. या यादीत नाव येण्यासाठी न्यायालयात काही सिद्ध व्हावे लागत नाही. तपास यंत्रणेला वाजवी वाटणारा संशय पुरतो. २००४ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने अर्जावरील चौकटींत चुकीच्या ठिकाणी खुणा केल्या, आणि स्टॅनफर्डमध्ये डॉक्टरेट करणाऱ्या एका मलेशियन संशोधक महिलेला पुढे सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर ताब्यात घेण्यात आले. ही चूक होती हे न्यायालयाने मान्य करेपर्यंत २०१४ साल उजाडले. सिनेटर टेड केनेडी यांनाही नामसाधर्म्यामुळे विमानतळांवर वारंवार अडवले गेले होते, आणि थेट अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांशी बोलूनही तो गोंधळ निस्तरायला त्यांना काही आठवडे लागले. आणखी एका लोकप्रतिनिधीलाही अशाच नामसाधर्म्याचा त्रास सोसावा लागला होता. त्यांचे नाव जॉन लुईस.

यादीचा असा जाच स्वतः अनुभवलेला माणूस त्याच यादीच्या आधारे बंदूकविक्री रोखा म्हणून जमिनीवर बसतो, हे दृश्य वादाच्या दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. बंदूकधारकांची संघटना एनआरए आणि नागरी स्वातंत्र्यांसाठी झगडणारी एसीएलयू या एरवी परस्परांपासून दूर असलेल्या संस्थाही या मुद्द्यावर एकाच बाजूला आल्या, कारण सुनावणीशिवाय हक्क काढून घेण्याला दोघींचाही विरोध होता.

ठिय्याच्या दोन दिवस आधी, २० जूनला, सिनेटमध्ये याविषयीचे दोन प्रमुख प्रस्ताव पडले. डेमोक्रॅटिक सिनेटर डायन फाइनस्टाइन यांच्या प्रस्तावाने ॲटर्नी जनरलला, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाला, विक्री रोखण्याचा अधिकार मिळाला असता आणि ग्राहकाला दाद मागायची ती नंतर. त्याला ४७ मते मिळाली. रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांच्या प्रस्तावानुसार सरकारला तीन दिवसांत न्यायाधीशापुढे सबळ कारण मांडावे लागले असते. त्याला ५३ मते मिळाली, पण पुढे जाण्यासाठी ६० हवी होती. एकात संशय हाच जवळजवळ निकाल ठरत होता, तर दुसऱ्यातील मुदत इतकी तोकडी होती की ती कागदावरच राहिली असती. त्यातल्या त्यात विचारपूर्वक केलेली मांडणी रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांची होती: मोठी यादी बाजूला ठेवून विमानप्रवासाशी संबंधित दोन छोट्या याद्याच धरायच्या, अपिलाची सोय द्यायची, आणि गेल्या पाच वर्षांत यादीत असलेल्या माणसाने बंदूक घेतली तर एफबीआयला कळवायचे. ऑरलँडोच्या हल्लेखोराचे नाव खरेदीच्या वेळी यादीत नसल्याने केवळ ‘नो फ्लाय, नो बाय’ने तो अडला नसता, त्याच्या खरेदीची खबर मात्र या शेवटच्या तरतुदीने दिली असती. हा प्रस्तावही ६० मतांपर्यंत पोहोचला नाही.

न्यू जर्सी राज्याने मात्र २०१३ मध्येच कायदा करून यादीतील व्यक्तींना शस्त्रखरेदीसाठी अपात्र ठरवले होते. तेथे बंदूक घेण्यासाठी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते, त्यामुळे एडिसन आणि आसपासच्या मराठी कुटुंबांपैकी कोणाला बंदूक घ्यायची झाल्यास त्यांनाही ही चाळणी लागू होते. केंद्रीय पातळीवर २०२२ मध्ये बंदुकांविषयी मोठा कायदा झाला, पण निगराणी यादीचा मुद्दा त्यात आला नाही.

पडद्यावर दिसतो आहे तो दुकानातला अर्ज. आपण गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, अमली पदार्थांचे सेवन करता का, असे अनेक प्रश्न त्यात ग्राहकाला विचारलेले आहेत. आपले नाव निगराणी यादीत आहे का, हा प्रश्न तिथे नाही. आणि तो असता तरी बहुतेक ग्राहकांना त्याचे उत्तर देता आले नसते.