बेरजेत हरवलेला टोला

(दृश्य: टोल्यावरचं, म्हणजे गावापासून तुटलेल्या लहान वस्तीवरचं, कुडाचं घर. आड्याला टांगलेला काटा, खाली रिकामी झोळी.)

बाळांच्या जन्म-मृत्यूची मोजणी इथून सुरू होते, वजनापासून. आधी रिकामी झोळी. ती अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ. क्रम चुकला की झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. बाळाचे कपडे काढायचे, पण थंडीच्या दिवसांत हे काम दार लावून आणि झटपट उरकायचं. काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा.

(दृश्य: आशाताई वहीत आकडा लिहिते.)

काट्यावर 100 ग्रॅमच्या रेघा आहेत. 2,500 ग्रॅमच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. त्यामुळे 2,400 चं बाळ वहीत 2,500 चं होऊन जातं. कधी हा गोल आकड्याचा सोस असतो, कधी वाढीव काम टाळायचं असतं. जिल्ह्याच्या वजनांचा आलेख काढला आणि नेमका 2,500 वर उंच सुळका दिसला, तर समजावं की बरीच वजनं अंदाजाने लिहिली आहेत.

(दृश्य: झोपलेलं बाळ. पोटाची हालचाल जवळून.)

आता श्वास. पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चालत नाही, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. बाळ रडत असेल किंवा पीत असेल तर थांबायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर धोका.

साठपर्यंत मोजणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी गडचिरोलीत एक साधन तयार झालं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ज्या सुईणीला अक्षर ओळखत नव्हतं, तीही न्यूमोनिया ओळखू लागली.

(दृश्य: पावसातली भाताची बांधी. धुऱ्यावरून चालणारी आशाताई. पलीकडे टोला.)

या टोल्यावरच्या जन्म-मृत्यूंची नोंद गावाच्या नावावर होते, गावाची उपकेंद्राच्या, उपकेंद्राची तालुक्याच्या. दर पायरीवर बेरीज होते आणि दर पायरीवर एक रकाना गळतो. आधी टोला गळतो, मग जमात, मग आईचं शिक्षण. मुंबईला पोचतो तो फक्त आकडा.

2020 च्या नमुना नोंदणीत, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी मोजणीत, महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) हजारी 16 आला. आकडा चांगलाच आहे. पण त्यात पुणंही आहे आणि गडचिरोलीतलं दुर्गम भामरागडही. सरासरीने पुण्याचं काही बिघडत नाही. भामरागड मात्र दिसेनासं होतं.

मग टोल्याचाच दर का काढू नये? एक हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण वीस बाळं जन्मतात. एक गेलं तर दर हजारी 50, पुढच्या वर्षी एकही गेलं नाही तर शून्य. दोन्ही आकडे निरर्थक. म्हणून एकसारख्या परिस्थितीची तीसचाळीस गावं एकत्र घेऊन निदान तीन वर्षं मोजावं लागतं. विषमतेचा अभ्यास महाग पडतो तो इथे. यंत्रं फारशी लागत नाहीत, पायपीट मात्र फार लागते.

(दृश्य: ओसरीवर दोन बायका, मध्ये उघडी वही.)

मोजणी कुठे फसते तेही ठरलेलं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ दगावलं तर सासरच्या वहीत ते जन्मलेलंच नसतं आणि माहेरच्या वहीत ते परगावचं असतं. जन्मून दोन श्वास घेतलेलं बाळ ‘उपजत मेलं’ म्हणून लिहिलं जातं आणि अर्भक मृत्यूतून सुटतं. मेळघाटाच्या डोंगरांत दिवाळीनंतर कोरकू आदिवासी कुटुंबं मजुरीला खाली उतरतात, होळीला परततात. मधल्या महिन्यांची वही कोरी राहते, आणि कोऱ्या वहीचा अर्थ वरच्या कार्यालयात ‘मृत्यू नाही’ असा लावला जातो.

यावर उपाय जुनाच आहे. एकाने रोजच्या रोज नोंद करायची. दुसऱ्याने ती वही न पाहता सहा महिन्यांनी घरोघरी विचारायचं. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या. जिथे जुळत नाहीत, त्या घरी पुन्हा जायचं. देशाची नमुना नोंदणी याच रीतीने चालते.

मृत्यूचं कारणही घरीच विचारावं लागतं. ‘कशाने गेलं’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याला ‘दृष्ट लागली’ असं उत्तर येऊ शकतं. दूध कधी सोडलं, अंग गार पडलं का, छाती आत ओढली जायची का, आवाज क्षीण झाला का, असं एकेक लक्षण विचारायचं. मग डॉक्टर तो कागद वाचून कारण ठरवतो.

(दृश्य: गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेचं ठिकाण, शोधग्राम. जुन्या नोंदवह्यांची कपाटं.)

1988 मध्ये गडचिरोलीच्या या भागात अर्भक मृत्युदर हजारी 121 मोजला गेला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने पुढे 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तुलनेची गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं, ‘रस्ते झाले, म्हणून मृत्यू घटले.’ पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं: वजन, ऊब, स्तनपान, श्वास कोंडलेल्या बाळाला हवा देणं, जंतुदोष ओळखणं आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे आधी साधारण 17 दगावत, नंतर 3 पेक्षा कमी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर (पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू) तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी भरला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं.

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने आशाताईंच्या घरभेटींची देशभर योजना आणली.

(दृश्य: आशाताईची पिशवी. एकेक वस्तू बाहेर.)

काटा, थर्मामीटर, घड्याळ, पांघरूण. इंजेक्शन नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवसाची सातवी. सगळ्या मिळून मोबदला 250 रुपये. प्रयोगातला सर्वांत परिणामकारक तुकडा धोरणात शिरताना बाहेर राहिला. 2014 मध्ये जेंटामायसिन द्यायची मुभा काही परिस्थितींत नर्सबाईंना मिळाली, पण नर्सबाई उपकेंद्रावर असते आणि बाळ टोल्यावर.

(दृश्य: भरलेला नाला. पलीकडे थांबलेली आशाताई.)

आदिवासी भागात उपकेंद्र 5,000 ऐवजी 3,000 लोकसंख्येला आणि प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 ऐवजी 20,000 ला, हा निकष विरळ वस्ती ओळखूनच केलेला आहे. नाला मात्र त्यात धरलेला नाही. पावसाळ्याचे चार महिने अंतर किलोमीटरमध्ये मोजणं फसवं असतं, म्हणून टोल्याच्या नोंदीत ‘नाला आडवा येतो का’ हा साधा रकाना हवा. शेजारी जमात, आईचं शिक्षण, जमीन. वर बेरीज पाठवा, पण हे रकाने तालुक्याला तरी राहू द्या.

(दृश्य: ग्रामसभा. झाडाखाली बसलेले लोक.)

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो, आणि आरोग्यावर तो खर्च करता येतो. टोलावार यादी समोर असेल तर नाल्यावरचा रपटा आधी की औषधपेटी आधी, हे इथेच ठरतं. यादीतून बाळांची आणि आयांची नावं काढायची. टोला, वर्ष, दिवसांत वय आणि कारण एवढं पुरतं. एकट्या टोल्याचा किंवा तीन वर्षांपेक्षा कमी काळाचा दर काढू नये. किती जन्मली आणि किती गेली, तेवढंच वाचून दाखवावं.