बलकाची शिदोरी

नमस्कार श्रोतेहो. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक तुम्ही रोज बघता. फलन होण्याआधी तो सगळा मिळून एकच पेशी असतो, अंडपेशी.

आता शार्क, मुशी, पाकट घ्या. यांच्या अंगात हाडं नाहीत, कूर्चा आहे. कॉडसारखा हाडांचा मासा लाखो बारीक अंडी पाण्यात सोडतो. शार्क-पाकटांनी वेगळी वाट धरली. बलकाचा कच्चा माल आईच्या यकृतात बनतो, रक्तातून अंडाशयात येतो आणि अंडपेशी हळूहळू फुगत जाते. अंडी थोडी, शिदोरी मोठी. हे लक्षात ठेवा: अंडी थोडी, शिदोरी मोठी.

शार्कचे एक अभ्यासक होते, स्टुअर्ट स्प्रिंगर. त्यांच्यापुढे सँड टायगर जातीच्या शार्कची गाभण मादी होती. अंडनलिकेला पाडलेल्या फटीतून त्यांनी हात आत घातला, चाचपू लागले, आणि हाताला काहीतरी चावल्यासारखं वाटलं! अजून जन्मालाही न आलेलं पिल्लू, आईच्या पोटात तोंड उघडून धावत होतं. १९४८ साली छापलेल्या शोधनिबंधात स्प्रिंगर यांनी सरळ लिहिलंय की पहिल्यांदा हात घातला तेव्हा आपल्याला काहीतरी चावल्यासारखं वाटलं. हे वाक्य मला फार प्रिय आहे. हल्ली शोधनिबंधांतून माणूसच पुसून टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. दचकलेला माणूस पुन्हा वाकून बघतो.

स्प्रिंगर यांनी बघितलं. पिल्लं आतल्या आत आईची अंडी खात होती! पिल्लं वाढू लागली तरी आईचं अंडाशय थांबत नाही. फलन न झालेली अंडी ते सोडतच राहतं. पुढच्या अभ्यासांत कळलं, की सगळ्यांत मोठं पिल्लू आधी भावंडांनाच खाऊन टाकतं. गर्भाशयं दोन, प्रत्येकात उरतं एकच पिल्लू, आणि ते जन्मतं तेव्हा जवळजवळ एक मीटर लांब असतं.

म्हणजे बघा, जिच्यातून पिल्लू व्हायचं, ती अंडपेशीच पिल्लाचा घास झाली. अंडी थोडी हा नियम इथे मोडला. शिदोरी मात्र मोठीच राहिली, फक्त ती अनेक अंड्यांत वाटली गेली.

स्कोलिओडॉन या लहानशा शार्कनं तर अंड्यातली शिदोरी जवळजवळ टाकूनच दिली. तिच्या पिल्लांना आईकडून वारेतून अन्न मिळतं, म्हणून तिची अंडपेशी जेमतेम एक मिलिमीटरची. आणि खोल समुद्रातल्या फ्रिल्ड शार्कची? दहा सेंटिमीटरच्या घरात. दोघीही शार्कच.

नमस्कार.