आधी छप्पर काढलं, मग पैसे संपले

राम राम मंडळी! आधी हा फोटो बघा. चार पांढरी धुराडी, खाली विटांचा डोंगर, समोर नदी. माझ्या अमळनेरच्या मावशीला दाखवला, तर लगेच म्हणाली, "हाई दीपनगरच शे ना?"

मावशीचं फार चुकलं नाही. भुसावळजवळच्या दीपनगरसारखं हेही कोळशावरचं वीज केंद्रच, पण लंडनमधलं. नाव बॅटरसी. भुसावळला तापी, तिथं थेम्स. टर्बाइन फिरवून झालेली वाफ थंड करायला पाणी मुबलक लागतं, म्हणून अशी केंद्रं नदीकाठ धरून बसतात. बॅटरसीचा तर कोळसाही बोटीतून यायचा.

१९३३ साली इथं वीज सुरू झाली, १९८३ ला कायमची बंद. त्याआधीच, १९८० मध्ये, इमारत वारसा यादीत गेलेली. म्हणजे पाडता येईना, आणि एवढ्या धुडाचं करायचं काय तेही कळेना. १९८७ मध्ये एकानं मनोरंजन पार्कसाठी ती घेतली. आतली यंत्रं बाहेर काढायला छप्पर उतरवलं... आणि पैसे संपले!

आपल्याकडं धाब्याच्या घरावर मृगाआधी खारी माती टाकतात. एक वर्ष चुकलं तरी घर गळतं. इथं तर छपराविना वर्षामागून वर्षं गेली, तीही लंडनच्या पावसात. विटांच्या आतला पोलादी सांगाडा गंजत राहिला. मालक बदलले, नकाशे बदलले, छप्पर काही आलं नाही.

२०१२ मध्ये मलेशियातल्या कंपन्यांनी ४० कोटी पौंडांना जागा घेतली. धुराड्यांच्या काँक्रीटमधलं लोखंड गंजलेलं. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडतं. घरच्या स्लॅबचे पोपडे निघतात ना, तेच. म्हणून चारही धुराडी उतरवून जशीच्या तशी नव्यानं बांधली. उतरवताना लोकांना धास्ती, हे परत बांधतील कशावरून? भिंतींसाठी सुमारे १७.५ लाख नव्या विटा केल्या, जुन्यांशी रंग जुळवून.

आता खरी गंमत. कारखान्याचं घर करताना सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. यंत्राला खिडकी लागत नाही, माणसाला लागते. म्हणून घरं काढली कडेच्या स्विच हाऊसमध्ये (जिथं वीज चालू-बंद करायची उपकरणं असायची) आणि वर गच्चीवर. मधल्या बॉयलर हाऊसमध्ये वरून उजेड घेणारा चौक ठेवला, आपल्या वाड्यासारखा, आणि भोवती ऑफिसं. तिथं ॲपल बसलंय. टर्बाइन हॉलमध्ये दुकानं. एका धुराड्यात तर काचेची लिफ्ट आहे, १०९ मीटरपर्यंत नेते. २०२१ मध्ये मेट्रो पोचली, २०२२ च्या ऑक्टोबरात दारं उघडली.

मला खटकतं ते वेगळंच. पूर्ण प्रकल्पात परवडणारी घरं ६३६ ठरली होती. २०१७ मध्ये ती ३८६ वर आली, कारण खर्च वाढला. धुराडी वाचली, पण कात्री लागली ती नेमकी साध्या माणसाच्या घराला. वारसा जपला म्हणून टाळ्या वाजवताना हेही बोला की!

आपल्याकडं गावोगाव कापसाच्या जुन्या जिनिंग पडून आहेत. तुमच्या गावात एखादी असेल तर रस्त्यावरून भिंतीचा फोटो नको. परवानगी घेऊन आत जा, वर बघा आणि कमेंटमध्ये एवढंच लिहा: पत्रे शिल्लक आहेत की गेले?