एका फ्लॉपीत मावलेली कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार. पुस्तक हातात आलं की मी आधी ऋणनिर्देश वाचते. ते पान न वाचता उलटणाऱ्यांचं फार नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या '२०१०: ओडिसी टू' या कादंबरीच्या ऋणनिर्देशात एक किस्सा दडलाय. तो सांगायचा म्हणून तर आज बोलायला बसले.

साल १९८२. क्लार्क कोलंबोत, प्रकाशक न्यूयॉर्कला. वयाच्या साठीनंतर या माणसानं 'आर्काइव्ह्ज थ्री' नावाच्या छोट्या संगणकावर, वर्डस्टार हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम वापरून, अख्खी कादंबरी लिहिली. वर्डस्टारला माउस लागत नसे. कंट्रोल दाबून के, मग एस, की मजकूर डिस्कवर जायचा. मराठीची सोय मात्र त्यात नव्हती. आपली जोडाक्षरं पडद्यावर दिसायला पुढे संगणकात बसवायचं 'जिस्ट' कार्ड यावं लागलं, आणि पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचे त्याबद्दल आपण पुरेसे आभार मानलेले नाहीत. असो.

तर कादंबरी पाठवायची वेळ आली. कागदांचा गठ्ठा नाही. एक फ्लॉपी, म्हणजे संगणकातला मजकूर साठवायची चकती. पाच इंची, एकच फ्लॉपी! ज्यांनी ती हाताळलीय त्यांना आठवेल: काळं चौकोनी पाकीट, फटीतून दिसणारी तपकिरी चकती, तिला बोट लावायची बंदी, कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की आतला मजकूर चुकून पुसला जायची भीती नाही. कोलंबोहून न्यूयॉर्कला कादंबरी अशी गेली. एका फ्लॉपीत.

आता पुढचं ऐका. लेखकाच्या दुरुस्त्या कधी संपतात का? अगदी शेवटच्या दुरुस्त्या गेल्या श्रीलंकेतल्या पादुक्का भूकेंद्रातून, म्हणजे उपग्रहाशी संपर्क साधणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रातून, हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट पाच उपग्रहामार्फत. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसेल, आणि त्यावरून जगभर संदेश पाठवता येतील, असा लेख १९४५ साली कुणी लिहिला होता? याच क्लार्क यांनी! ३७ वर्षांनी तशाच उपग्रहावरून त्यांच्याच कादंबरीच्या दुरुस्त्या गेल्या. दर वेळी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे याच कादंबरीवर सिनेमा निघाला. दिग्दर्शक पीटर हायम्स अमेरिकेत, क्लार्क कोलंबोत. दोघांकडे केप्रो संगणक, मध्ये फोनची तार. त्या तारेवरून गेलेली पत्रंसुद्धा नंतर पुस्तक होऊन छापली गेली.